मोठ्या झालेल्या मुलांबरोबर कोल्हापुरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची थोरली सोळा वर्षांची, धाकटा तेराचा. लहान होती तोवर बागेत नेलं, रंकाळ्यावर भेळ चारली की रविवार पार पडायचा. पाचवी-सहावीनंतर ते जमेना. मग शेजारपाजारच्या, शाळेतल्या, माहेरच्या आम्ही सगळ्याच आया एकमेकींना तेच प्रश्न विचारायला लागलो. गेल्या चार वर्षांत जे करून बघितलं, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत. डोळ्यांपुढं बारा ते सतरा वयाची मुलं आहेत.

मुलगा तेरा वर्षांचा झाला. 'चल' म्हटलं की 'तुम्ही जावा, मी थांबतो घरात' म्हणतो. जबरदस्तीनं न्यावं का?

नको. आम्ही एकदा नेऊन बघितलंय. जोतिबाला गेलो होतो. पायऱ्या उतरताना हा आमच्या वीस पायऱ्या पुढं, देवळात एका खांबाला टेकून उभा, परतताना गाडीत खिडकीकडं तोंड. रात्री जेवण झाल्यावर शांतपणे विचारलं, तेव्हा म्हणाला, "कुठं जायचं ते तुम्ही ठरवताय, कधी निघायचं ते तुम्ही, काय खायचं ते पण तुम्हीच. मग मी येऊन करू काय?"

त्याचं बरोबर होतं. सात वर्षांचं पोर नेऊ तिकडं येतं. तेराव्या वर्षी त्याचं स्वतःचं काहीतरी म्हणणं असतं आणि ते आम्ही कधी विचारलेलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात आठशे रुपये दिले आणि म्हटलं, "रविवारी सकाळी सहा ते दुपारी दोन. बेत तुझा." त्यानं बावड्याची मिसळ आणि तिथून पंचगंगेवरचा राजाराम बंधारा असं ठरवलं. बंधाऱ्यावर आम्ही दोन तास बसलो. त्यात चाळीस मिनिटं तो एकटा बोलत होता, मी मुद्दाम घड्याळ बघितलं. तेव्हापासून आमच्या घरात 'येतोस का?' हा प्रश्न मागं पडला आणि 'कुठं नेतोस?' हा सुरू झाला. या पानावरची बाकीची बहुतेक उत्तरं त्याच एका दिवसातून आलेली आहेत.

ठरवायला दिलं आणि बेत फसला तर?

फसू द्या, आणि सावरायला लगेच धावू नका. थोरलीनं एकदा एसटीनं पन्हाळ्याचा बेत केला आणि गाडीची वेळ चुकली. मध्यवर्ती बसस्थानकावर आम्ही तासभर बाकड्यावर बसलो. मोटार घरी होती, यांच्या तोंडावर ते शब्द चार वेळा आले आणि चारही वेळा त्यांनी गिळले. त्या तासात तिनं चौकशीच्या खिडकीवर जाऊन परतीच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या. आता आमच्या घरात कुणालाही कुठल्याही एसटीची वेळ हवी असली की तिलाच विचारतात.

रविवारचा अर्धाच दिवस हातात असतो. गावातल्या गावात काय करावं?

मोठ्या मुलांना 'बघायला' नेऊ नका, काहीतरी शोधायला न्या. आम्हाला लागू पडलेल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली ब्रह्मपुरीची. पंचगंगा घाटाजवळच्या या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, आणि तिथं सापडलेल्या वस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची कांस्यमूर्ती होती. आज ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. नुसतं संग्रहालयात नेलं असतं तर मुलांनी दहा मिनिटांत चक्कर मारून 'झालं' म्हटलं असतं. आम्ही आधी ब्रह्मपुरीवर गेलो, नदीकडं बघत बसलो आणि विचारलं, "दोन हजार वर्षांपूर्वी रोमहून हा देव इथं कसा आला असेल?" धाकट्यानं बंदर, घाटवाट, बैलांचे तांडे असं सगळं रस्त्यातच जुळवायला घेतलं. मग टाऊन हॉलला गेल्यावर त्या एवढ्याशा मूर्तीपुढं तो किती वेळ उभा होता म्हणून सांगू!

दुसरी अंबाबाईच्या किरणोत्सवाची. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात. कधी ढग, कधी धुरकट हवा, कधी वाटेतल्या इमारती यांमुळं किरणं अर्ध्यावरच थांबतात. आठवी-नववीच्या मुलाला एवढंच विचारा: वर्षातनं दोनदाच का, आणि याच तारखांना का? कॅलेंडर घेऊन दिवस मोजायला लावा. नोव्हेंबरची तारीख २१ डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या, जितकी अलीकडं आहे, जवळजवळ तितकीच फेब्रुवारीची पलीकडं आहे, साधारण बेचाळीस दिवस. दक्षिणेकडं जाताना आणि तिकडून परत येताना सूर्य त्याच जागी मावळतो. हे आमच्या धाकट्यानं स्वतः मोजून काढलं, आणि त्या संध्याकाळी गर्दीत उभं राहून आजीला समजावून सांगितलं. आजीनं हात जोडलेलेच होते. ती म्हणाली, "बांधणाऱ्याला ठाऊक होतं की रे सगळं."

पन्हाळा चार वेळा झालाय. मुलं म्हणतात आता काय बघायचं तिथं?

पन्हाळा वीस-बावीस किलोमीटरवर, त्यामुळं पाहुणे आले की पन्हाळा, सुट्टी लागली की पन्हाळा. दर वेळी तीन दरवाजा, सज्जा कोठी, कणीस, परत. मुलं कंटाळतात यात नवल नाही.

एका वेळी एकच प्रश्न धरून जा. आमच्या थोरलीचा प्रश्न होता, "सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा वर एवढी माणसं महिनोन्‌महिने जगली कशावर?" त्या दिवशी आम्ही दुसरं काही बघितलंच नाही. आधी अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं आहेत त्यांना. बाहेरून जिना चढून वर जाता येतं आणि छताला धान्य ओतायची भोकं आहेत. आत उभं राहून हाक मारली की आवाज केवढा घुमतो! नंतर अंधारबाव. वरून साधी इमारत वाटते. एक मजला उतरलं की पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा आणि तटातून बाहेर पडायची वाट, आणखी खाली पाणी. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच तीन मजली इमारतीत झाकून टाकलेली. थोरली तळाच्या पायरीवर बसून म्हणाली, "म्हणजे आधी पोटाची सोय आणि मग तलवार." पुस्तकात हे तिनं दोनदा वाचलं होतं. कळलं ते तिथं, त्या गार पायरीवर.

दुसऱ्या खेपेला फक्त जुलै १६६० ची ती रात्र धरली. राजदिंडी कुठं, वेढा कुठं, शिवा काशीद कोण, महाराज निघाले ती वाट कुठल्या अंगानं उतरते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. शाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण बारांतला एक आपल्या दारात आहे, तर तो तुकड्यातुकड्यानं वाचावा, असं मला फार वाटतं.

पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला पंधरा वर्षांच्या मुलीला पाठवावं का?

पाठवा, तयारी करून. आषाढात दर वर्षी वेगवेगळ्या संस्था ही मोहीम काढतात. दोन दिवस, पन्नासएक किलोमीटर, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी असं करत पावनखिंड. चाल मोठी आहेच, पण खरा कस लागतो तो चिखलात आणि सतत ओल्या राहणाऱ्या पायांत. थोरली जायच्या आधी दीड महिना आम्ही दोघी दर रविवारी चाललो: आधी रंकाळ्याला वेढा, मग दोन वेढे, मग पाऊस सुरू झाल्यावर कात्यायनीच्या बाजूला डोंगरात. बूट नवे घेतले असतील तर आधी महिनाभर घरात-रस्त्यावर वापरून मऊ करा. मोज्यांचे तीन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून द्या, पायांना लावायला खोबरेल. घेऊन जाणाऱ्यांना सरळ विचारा: मुलींच्या मुक्कामाची सोय काय, बरोबर बाई कोण आहे, मागं राहिलेल्याला कोण घेऊन येतं, औषधपाणी कुणाजवळ असतं. या प्रश्नांनी जो वैतागतो त्याच्याबरोबर पाठवू नका.

पहिल्या दिवशी रात्री तिचा फोन आला नाही, रेंज नव्हती. ती रात्र मला जड गेली, हे लिहून ठेवते. दुसऱ्या संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली, दारातच बसली आणि म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी तू पण चल. मी घेऊन जातो तुला." (आमच्याकडं पोरी 'जातो'च म्हणतात.)

मोठ्या मुलांना खरंच आवडेल असं हिवाळ्यात एक ठिकाण सांगा.

गुऱ्हाळ. आणि रस पिऊन फोटो काढून परतायचं नाही, एक आदण, म्हणजे रसाची एक खेप, पूर्ण होईपर्यंत थांबायचं.

दिवाळीनंतर मार्चपर्यंत करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही अंगाला गेलात तरी संध्याकाळी धुराच्या वासावरून गुऱ्हाळ सापडतं. ओळखीच्या कुणाचा तरी ऊस तिथं आलेला असतोच; नसला तरी आधी विचारलं की गुऱ्हाळवाले नाही म्हणत नाहीत. आम्ही गेलो ते यांच्या मावसभावाच्या रानाजवळचं. घाण्यातनं रस काहिलीत पडतो. काहील म्हणजे अंगणाएवढी कढई म्हणा. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं ढकलत एकजण बसलेला, त्याच्या कपाळावर घाम आणि राखेची रेघ. रस तापला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात, मग काळी मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्यानं सारखी काढत राहायची. हळूहळू रंग बदलतो, वास बदलतो, बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात. मग काकवी.

या सगळ्याचा धनी गुळव्या. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत फिरवतो, गोळी होते का बघतो. त्यानं थोरलीला जवळ बोलावलं आणि तिच्या बोटांत ती गोळी ठेवली. "हे बघ, अजून दबते. अजून नाही." थोड्या वेळानं दुसरी. "ही?" ती म्हणाली, "ही पण दबतेय, पण कमी." तो हसला आणि आणखी जाळ घालायला सांगितलं. तिसऱ्या गोळीला तिनंच मान हलवली आणि गुळव्यानं "उतरवा" म्हणून हाक दिली. गरम गूळ वाफ्यात ओतला तेव्हा दोन्ही मुलं अक्षरशः श्वास रोखून बघत होती. मोबाईल खिशातच राहिले.

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो गूळ एका माणसाच्या दोन बोटांवर ठरतो हे मुलांनी एकदा बघायला पाहिजे. मात्र काहिलीपासून दोन हात लांब उभं राहायचं, ओढणी-स्कार्फ आवरून. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटतो आणि खोल भाजतो. तिथं मस्करी चालत नाही, हे घरातनं निघतानाच सांगून ठेवा.

मुलीला चित्रकला आवडते. तिला कुठं न्यावं?

खिद्रापूरला. साठेक किलोमीटर आहे, वाटेत नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड. कृष्णेकाठचं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आभाळ आहे, खाली बरोबर तेवढीच गोल रंगशिला, आणि भोवती खांबांचं रिंगण. उन्हाचा गोल दिवसभर सरकत असतो, म्हणून दुपारच्या आसपास पोचा. बाहेरच्या अंगाला खाली ओळीनं हत्ती आहेत, देवळाचा सगळा भार पाठीवर घेतल्यासारखे. आमच्या थोरलीनं एकाच हत्तीवर दीड तास घालवला. बाकीच्यांनी तेवढा वेळ काय करायचं? आम्ही वाडीला आधी दर्शन घेऊन कवठाची बर्फी आणली होती, ती घेऊन नदीकडं जाऊन बसलो. एकाचा छंद असला की बाकीच्यांनी वाट बघायची, हे आम्ही ठरवूनच निघतो.

गावातही तिच्यासाठी खूप आहे. चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून तिथलं पाणी रंगवत राहिले; त्या काठावर वही घेऊन बसायला कुणी पैसे मागत नाही. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे.

छंद कोणता लावावा? क्लास लावायचा का?

आधी बघू द्या, मग लावा. पेठेतल्या आखाड्यात मर्दानी खेळ शिकवतात: लाठी, फरी-गदका, पट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला). मुलीही तितक्याच जोमानं खेळतात. पोहणं तर छंद म्हणून सोडून द्यायची गोष्टच नाही, ते यायलाच पाहिजे. वीरधवल खाडे आपल्याच गावचा. नेमबाजीत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्यामुळं आता प्रत्येक घरात एका तरी पोराला रायफल हातात घ्यायची असते. खर्चाचा खेळ आहे, वर्षभराचा हिशोब आधी मांडा.

पण छंद नेहमी क्लासात सापडतो असं नाही. आमच्या धाकट्याचा सापडला तो पुराच्या पाण्यात. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यानं लहानपणी बघितले. घरात सगळे सारखं एकच विचारत होते, "बंधाऱ्यावर किती झालं?" राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक शंभरपानी वही केली. जून ते सप्टेंबर, रोज सकाळी तारीख, पातळी फूट-इंचात, आदल्या दिवशी पाऊस कसा होता, आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले. शेवटचा रकाना त्याचा स्वतःचा आहे: 'उद्याचा अंदाज'. चुकला की लाल पेनानं गोल करतो. पहिल्या महिन्यात वही लालच लाल होती. यंदा सोसायटीतले काका लोक सकाळी त्यालाच विचारतात, आणि तो "दोन-तीन इंच वाढंल, पण रात्रीपासून उतरंल" असं अगदी जबाबदारीनं सांगतो. अशा छंदाला वही आणि पेन लागतं, आणि मोठ्यांनी रोज एकदा खरं कुतूहल दाखवायला लागतं. तेवढं मात्र चुकवू नका.

फुटबॉलची मॅच बघायला मुलीला न्यावं का?

न्याच की. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस: पेठ म्हणजे संघ आणि संघ म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की गावातली निम्मी दुकानं त्याच विषयावर चालतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. कट्टर मॅचला अंतिम शिट्टीआधी पाच मिनिटं उठावं, किंवा गर्दी पूर्ण पांगेपर्यंत जागेवर बसून राहावं. दोन्हींच्या मधल्या वेळेत दारात सापडू नये.

दाजीपूरला गवे दिसतील याची खात्री असते का?

नसते, आणि ते मुलांना आधीच सांगा. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून संरक्षित आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. पावसाळ्यात बंद असतं. पहाटे लवकर पोचलात, गाडीत गप्प बसलात, तर शक्यता वाढते. आम्हाला पहिल्या वेळी फक्त शेण आणि खुरांचे ठसे दिसले. धाकट्यानं ठशाशेजारी स्वतःचा तळहात ठेवून मोजला आणि त्यावरच खूश होता. दुसऱ्या खेपेला एक खोंड रस्त्यात उभा राहिला. हजार किलोपर्यंत वजन भरणारं जनावर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. गाडीतून उतरायचं नाही, हाक मारायची नाही, फोटोसाठी काच खाली करायची नाही.

पावसाळ्यात धबधब्यावर जावं का?

बघायला जा, पाण्यात उतरू नका. राऊतवाडी, बर्की, सगळीकडं हेच. वर डोंगरात सर आली की खाली पाणी मिनिटांत वाढतं आणि खाली उभ्या असलेल्याला ते कळतही नाही. मुलं मित्रांबरोबर गेली की एकमेकांच्या नादानं पुढं सरकतात. या एका बाबतीत आमच्या घरात चर्चा नाही, मतदान नाही.

सोळा वर्षांची मुलगी मोपेड मागते. क्लास लांब आहे. द्यावी का?

नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीनं मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, आणि दारातल्या सगळ्या स्कूटर शंभरच्या वरच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मूल गाडी चालवताना गुन्हा झाला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. थोरलीला हे कागदावर लिहून दाखवलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जाऊन तिच्या मापाची चांगली गिअरची सायकल घेऊन आलो. आता ती आणि तिच्या दोन मैत्रिणी रविवारी पहाटे कळंब्यापर्यंत जातात. २६ जूनला तर तिघींनी स्वतःच 'शाहू फेरी' आखली: कसबा बावड्यात जन्मस्थळ, दसरा चौक, १९०१ चं मराठा बोर्डिंग, शाहू मिल, १९१२ चं खासबाग मैदान, आणि शेजारी २०२४ मध्ये आग लागलेलं केशवराव भोसले नाट्यगृह. तिथं त्या बराच वेळ थांबल्या होत्या.

दहावीचं वर्ष आहे. सगळं बंद करावं का?

आम्ही बंद केलं नाही. ज्या क्लासात ती जायची त्यांनी दिवाळीनंतर रविवारीही जादा तास ठेवले आणि 'दहावीला रविवार नसतो' असं सांगितलं. आम्ही जाऊन भेटलो आणि महिन्यातले दोन रविवार ती येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यांना आवडलं नाही. घरातही दोन मतं होती; यांना काळजी वाटत होती आणि ती चुकीची नव्हती. त्या दोन रविवारी फार काही केलं नाही: विद्यापीठाच्या आवारात मोर बघत चालायचं, करवीर नगर वाचन मंदिरात तास घालवायचा, घरी येऊन झोपायचं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात तिला रात्री झोप लागत होती. मला तेवढं पुरेसं वाटलं.

खर्च परवडत नाही.

एसटी धरा. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तर निम्मं. आमच्यात आजी फुकट, मी आणि थोरली अर्ध्यात. डबा घरचा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. बाहेर एकच गोष्ट खायची आणि ती मुलांनी निवडायची.

थोरलीला हवं ते धाकट्याला नको. एकत्र जायचं कसं?

दर वेळी एकत्र जायलाच पाहिजे असं नाही. महिन्यातला एक रविवार आम्ही वाटून घेतो: एक मूल, एक मोठं माणूस. धाकटा आणि हे रेल्वेनं मिरजेला गेले, सतारमेकर गल्लीत भोपळ्याची सतार कशी होते ते बघायला. मी आणि थोरली चपला घ्यायला गेलो आणि तीन तास फिरलो. एकटं असलं की मूल वेगळंच बोलतं.

मित्रांबरोबर एकटं जायचं म्हणतात. पाठवावं का?

जवळच्या ठिकाणापासून सुरू करा. आमच्या अटी तीनच: कुठं आहात ते बदललं की फोन, ठरलेल्या वेळेला पाऊल घरात, पाण्यात उतरायचं नाही. उशीर झाला तर पुढची एक खेप रद्द, आरडाओरडा नाही. धाकट्याची एक खेप रद्द झाली आहे. त्यानं ती मान्य केली.

या आठवड्यापासूनच सुरुवात करायची आहे. कुठून करू?

शनिवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर मुलांना घेऊन गंगावेशीला दूध कट्ट्यावर जा. म्हशी दारात उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाचा ग्लास हातात येतो. पोट नाजूक असेल त्यानं तिथं पिऊ नये. घरनं किटली न्या, दूध आणून तापवा. ग्लास संपायला पाच मिनिटं लागतात, पण माणसं तिथं अर्धा-अर्धा तास उभी असतात. परत येताना पुढच्या रविवारचे पैसे आणि वेळ मुलांच्या हातात द्या, आणि गाडीची किल्ली खिशात ठेवून बेत काय ठरतो ते ऐका.